काठोकाठ पेला

पीचचं पान उलटं करून तुर्सुनायने बघितलं आणि झटकन सोडून दिलं. अर्धं आयुष्य जिल्ह्याच्या कीटकशाळेत पिकावरची कीड मारणाऱ्या गांधीलमाश्या पोसण्यात गेलेल्या बाईला हे शोभणारं नव्हतं. पण तिथे त्या बरणीत असत.

पानाखाली मावा लगडला होता. त्याचा चिकट गोड रस चाटायचा आणि बदल्यात राखण करायची, हा मुंग्यांचा धंदा. भलता किडा आला की चावून हाकलत. एका बारीक गांधीलमाशीला मात्र कोणी अडवत नव्हतं, कारण तिच्या अंगाला माव्याचाच वास. मुंगीने मिशा फिरवल्या, घरचीच म्हणून सोडली, आणि ती एकेका माव्यात अंडं टोचत निघाली. आधीचे मावे फुगून सुकले होते, पाठीला माशीचं पिल्लू बाहेर पडल्याचं गोल भोक. मुंग्या त्या टरफलांचीही राखण करत होत्या.

मागे अंगणातल्या बसायच्या लाकडी तख्तावर सासू, होजर आजी, एल्मुरादला नान मोडून भरवत होती. आजीची नजर गेलेली, तरी सख्ख्या शेजारणीलाही ती दारातून परत लावी. हा लांबचा नातू तुर्सुनायच्या नवऱ्याच्या, नसीमच्या मातीला आला, थंडी वाजते म्हणून खुंटीवरचा नसीमचाच चापान, तो कापूस भरलेला झगा, अंगात घातला आणि राहिला. आजी त्याची बाही हुंगून म्हणाली होती, "माझ्या लेकाचाच वास." त्यानंतर त्याला पानातला मटणाचा तुकडा मागावा लागला नाही.

उद्या आजी घर त्याच्या नावावर करणार होती. पीच तोडून तिथे गाड्या धुवायच्या, असा त्याचा बेत. काकीची राहायची सोय कीटकशाळेत होईलच, हेही त्याने तोंडात घास असतानाच सांगितलं.

तुर्सुनाय चहा ओतायला बसली. अर्धा पेला म्हणजे बैस, पुन्हा देते. भरलेला पेला म्हणजे ऊठ. जन्मात तिने कुणाचा पेला भरला नव्हता. आज एल्मुरादचा भरला, काठोकाठ.

तो पेल्याकडे बघून हसला. "आजी, काकी मला जा म्हणतेय."

आजीने चाचपडत पेला घेतला. चटका बसला, तरी अर्धा चहा आपल्या पेल्यात ओतून घेतला, काठ पुसला आणि उरलेला त्याच्या हातात दिला.

"हात चुकला असेल तिचा. तू बैस रे बाळा."

मग ती चापानवर सांडलेले नानचे कण बोटांनी टिपू लागली.

तुर्सुनायने किटली उचलली, आणि स्वतःचा पेला काठापर्यंत भरला.