शून्यासाठीचा साचा

या हो, असे दूर का? सतरंजीवर जवळ सरकून बसा. बुवा यायला थोडा वेळ आहे, तोवर एका मुलीची गोष्ट ऐकवतो. गोष्ट कॉम्प्युटरची आहे, पण देव तिच्यातही आहे. कुठं आहे ते मी सांगणार नाही.

अठ्ठ्याण्णव साल. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली शालन नाखवा रोज चालत नौपाड्यात कामाला जाई. तिथं एका दवाखान्याच्या वरच्या माळ्यावर सीताराम ओकांची छोटीशी कंपनी होती. डोंबिवलीच्या कारखान्यांतल्या यंत्रांसाठी ते प्रोग्रॅम लिहून देत. शालनच्या वाट्याला आली होती बिनखिडकीची खोली. पाठीला भिंत, पुढ्यात भिंत आणि मधे मॉनिटर. दुपारी तिला वाटे, आपण डब्यात बसलोय आणि झाकण कुणीतरी घट्ट लावून घेतलंय.

काम होतं कापड रंगवणाऱ्या यंत्राचं. कुठल्या छटेला किती रंग सोडायचा, याचा तक्ता हवा होता. यंत्रातली चिप बिचारी एवढीशी. ती हिशोब करत बसली असती तर कापड नासलं असतं. म्हणून सगळं गणित आधीच, प्रोग्रॅम कंपाइल होतानाच, म्हणजे त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर होतानाच, ते करणाऱ्या कंपायलरकडून करून घ्यायचं होतं. त्यासाठी शालन सी प्लस प्लस या प्रोग्रॅमच्या भाषेतली टेम्प्लेटं शिकत होती. टेम्प्लेट म्हणजे साचा. मोठा साचा स्वतःतून लहान साचा पाडतो, तो त्याहून लहान, असं उतरत उतरत शून्यावर थांबायचं. पण थांबतंय कोण? मशीन खाली जाई, जाई आणि गुदमरून पडे.

"काय गं, बसलं का मशीन पुन्हा समाधीला?" दौलत कांबळेनं दारातून विचारलं. हा कल्याणहून येणारा तिचा जोडीदार, साधं सी लिहिणारा.

"अरे, मी स्पष्ट लिहिलंय. शून्य आलं तर थांब, नाहीतर पुढचा साचा कर. आणि हे बघ, शून्याखाली उणे आकड्यांत उतरलंय!"

"पोहरा सोडलास विहिरीत आणि दोर बांधायला विसरलीस." दौलत हसला. "मला विचारू नकोस बाई, मला त्यातलं निम्मं कळत नाही."

ओकसाहेब म्हणाले होते, शनिवारपर्यंत तक्ता बसव, नोकरी पक्की करू. आणि घरी शालननं बापाला सांगून ठेवलं होतं, नोकरी पक्की झाली तर इतक्यात लग्न नाही, नाही झाली तर बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा सांगून आलेला मुलगा चालेल. बोलताना तिला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी घरात पाऊल टाकते तो खाटेवर हिरवी साडी, नारळ, साखरेच्या पुड्या. बाजारात मासळी विकून आलेली भागीरथी आत्या पुड्यांना लाल दोरा गुंडाळत होती. आई गेल्यापासून शालनला तिनंच वाढवलेलं.

"ह्ये काय गो आत्या?"

"रविवारचा साखरपुडा. दिवाळ्याची माणसं येणार नाय का?"

"अगो, पण नोकरीचं उद्या कळणार ना!"

तिचा बाप दामाजी दारात जाळं सांधत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "कळू दे की. पक्की झाली तर पेढे वाटू. पण तयारी नको? शब्द दिलाय, मांडववाल्याला सांगितलंय."

"आणि मी 'तर' म्हटलेलं?"

"तर-बिर तुमच्या हापिसात. घरात दोन्ही बाजूंची तयारी ठेवतात."

आत्यानं साडी उलगडून तिच्या खांद्यावर टाकली, रंग खुलतो का बघायला. शालन उभी राहिली.

शनिवारी सकाळी ऑफिसातल्या खोलीत आल्यावर तिनं ती ओळ पुन्हा वाचली आणि कपाळाला हात लावला. कंपायलरही बाच्याच वळणाचा! शून्य असो नसो, 'नाहीतर'च्या दारातही तो आधी शिरतो, तिथली मांडामांड करतो, आणि कुठलं हवं ते नंतर बघतो. त्या दारात पुन्हा दोन दारं, त्यांत पुन्हा दोन. अटीनं तो अडणार कसा? शून्यासाठी वेगळा, अख्खा साचाच लिहून द्यायचा: उत्तर हे, पुढे जायचं नाही.

तिनं 'तर' खोडलं. वेगळा साचा लिहिला. मशीन घरघरलं आणि थांबलं. तक्ता समोर.

"आलीस गं विहिरीबाहेर!" दौलत ओरडला.

ओकसाहेब म्हणाले, "छान. पक्कं करायचं सोमवारी बघू. भागीदार बाहेरगावी आहेत."

"पण साहेब, शनिवार म्हणाला होतात."

"तक्ता शनिवारपर्यंत, असं म्हणालो मी."

म्हणजे रविवार आधी येणार. शालन घरी गेली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "बा, उद्याचं करू नका. मला लग्न करायचं नाय."

"नोकरी झाली?"

"कळलं नाय. झाली तरी नाय, नाय झाली तरी नाय."

दामाजीच्या हातातली सुई थांबली. "शब्द माझा गेलाय. त्या दारात मी तोंड दाखवणार नाय. कोण सांगणार त्यांना?"

पोरीनं स्वतः जायची रीत नव्हती. भागीरथी उठली, मुलाकडून आलेली साडी परत द्यायला पिशवीत घातली आणि दिवाळ्याची बस धरायला निघाली.

तिन्हीसांजेला परतली. शालननं विचारलं, "काय म्हणाले गो?"

"म्हणायचं ते म्हणाले. चाय नाय दिली." पाय धुता धुता तिनं विचारलं, "तुझं ते मशीन थांबलं का?"

"थांबलं."

"बरं झालं."

शिमग्यापर्यंत दामाजी बहिणीशी बोलला नाही. शालन सोमवारी पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन बसली. तिची काळजी नको, ती हुशार आहे. माझं मागणं एवढंच, हात जोडाल तेव्हा क्षणभर भागीरथीला आठवा. दुसऱ्याचा नकार घेऊन परक्या दारात ती एकटी उभी राहिली होती.