रद्द कर आणि थांब

सकाळची जपमाळ पुरी झाल्याशिवाय मी संगणक उघडत नाही. त्या बुधवारी मात्र बोटं मण्यांवर आणि लक्ष ईमेलच्या टपालाकडे होतं. रादिमचं उत्तर आलं असेल का?

आलं नव्हतं.

चेक देशातल्या ब्र्नो शहरातल्या या ऑफिसात रादिम आणि मी वर्षानुवर्षं शेजारी बसलो. कर्नल, म्हणजे संगणकाच्या पोटातला अगदी आतला कारभार, हे आमचं काम. हिवाळ्यात त्याची बायको यार्मिला गेली आणि तो डोंगरातल्या घरी राहायला गेला. आता आमची गाठ पडते ती ईमेलच्या टपाल-यादीवर, जगभरच्या कर्नलवाल्यांच्या देखत.

माझा प्रस्ताव नंतर करायच्या कामांबद्दल होता. नेटवर्क कार्डानं हाक मारली की कर्नल निकडीचं तेवढं उरकतो, बाकीचं रांगेत ठेवतो. रांगेतलं काम रद्द करायला एक फंक्शन आहे. लोकांना वाटतं, रद्द केलं म्हणजे संपलं. पण ते काम कधीकधी सुरू झालेलं असतं. इकडे त्याची मेमरीतली जागा मोडून टाकतात, आणि मशीन कोसळतं. म्हणून मी ते फंक्शनच बदललं: रद्द म्हटलं की चालू काम पुरं होईपर्यंत थांबायचंच. रादिमच्या सहीशिवाय ते पुढच्या आवृत्तीत जाणार नव्हतं, आणि शुक्रवारनंतर काही घेणार नव्हते.

त्यानं यादीवर एकच प्रश्न विचारला होता: ‘थांबणाऱ्याच्याच हातात कुलूप असेल तर?’ कुलूप म्हणजे एका वेळी एकाच कामाला धरता येतं ते; बाकीच्यांनी ते सुटेपर्यंत ताटकळायचं. मला ती कुरकुर वाटली. मी काही लिहिलं नाही. तोही गप्प झाला. आमच्यात रीत अशी, की उत्तर आलं नाही तर ‘पिंग’ एवढाच शब्द पाठवायचा, आणि तोही आठवड्यातून एकदाच. माझा सोमवारी पाठवून झाला होता.

“काय गं, बोलला का तुझा मुनी?” ऑफिसच्या स्वयंपाकघरात पावाला लोणी फासत आमच्याच गटातल्या हानानं विचारलं.

“नाही.”

“मग परत पिंग कर.”

“आठवडा झाला नाही.”

“देवाला तर रोज करतेस. तो नाही वैतागत?”

“तो यादीवर नाही,” मी म्हणाले.

हाना हसत निघून गेली. मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

“पिंग,” मी म्हणाले.

“आठवडा झाला नाही, बोहुमिला.” रादिमचा आवाज बसला होता, दिवसभर कोणाशी न बोललेल्या माणसाचा बसतो तसा.

“फोनला कुठला आलाय नियम? सही का करत नाहीस?”

“तू उत्तर दिलं नाहीस. कशाची वाट बघत होतीस?”

“तुझ्या सहीची.”

“घे. तू माझ्यासाठी थांबलीस, मी तुझ्यासाठी. हेच तर विचारत होतो. चालू कामाला जे कुलूप हवं, तेच मुठीत धरून कोणी थांबलं, तर दोघं जन्मभर तिथेच.”

मी खुर्चीत बसले. “मग दोन करते. एक नुसतं ‘रद्द कर’, दुसरं ‘रद्द कर आणि थांब’.”

“दुसऱ्याचं नाव लांबच असू दे. लिहिता लिहिता माणूस विचार तरी करेल.”

“जेवतोस का नीट?”

“डबे उघडतो.”

“रविवारी ये. मसुराचं सूप करते.”

“नंतर बघू.”

“आत्ता हो म्हण की.”

“बघू म्हटलं ना.”

शुक्रवारी दुपारी सही आली. माझ्या ओळींखाली त्याची एक ओळ, सगळ्यांना दिसेल अशी. ‘नावावरून कळतं.’ ना नमस्कार, ना माझं नाव. दोन्ही फंक्शनं आत गेली. मी क्रूसाची खूण केली आणि चीज-पाव खाल्ला. शुक्रवारी मी मांस खात नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर सूप केलं, दोन खोलगट ताटल्या मांडल्या. खाली ट्राम थांबली की जिन्याकडे कान लावत होते. सुपावर साय धरली. हात फोनकडे गेला, आणि मी तो मागे घेतला. बुधवारी तर बोललो होतो. आठवडा व्हायचा होता.

मी माझं सूप प्यायले. त्याची ताटली उचलली नाही.