पुढचा माहितीपट सांगणारा फळा

मित्रांनो, वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी, बसथांब्याच्या अगदी समोर जो काळा फळा तिरका टेकून उभा असतो, तो मी. मी एक जुना फळा आहे. त्याआधी मी एका कपाटाचे दार होतो. कपाट वाळवीने खाल्ले, दार तेवढे वाचले. सुताराने माझ्यावरून रंधा फिरवला, कुलपाच्या भोकात लाकडाचा तुकडा ठोकला आणि मला काळ्या रंगाचे तीन हात दिले. रंग वाळेपर्यंत तो माझ्याकडे बघत विडी ओढत बसला होता. "चांगला दिसतोस की," असे तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

सुरुवातीची वर्षे मात्र कंटाळवाणी गेली. 'पुस्तकांची पाने दुमडू नयेत.' 'ओल्या छत्र्या आत आणू नयेत.' माझ्यावर सदान्‌कदा 'नयेत' लिहिलेले असे. लोक मला पाहून नजर चुकवत. माझाही स्वभाव त्यामुळे जरा आंबट झाला होता, हे मी कबूल करतो.

मग आमच्या वाचनालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्या. बंद पडलेल्या एका संस्थेने माहितीपटांच्या रिळांच्या वीस-बावीस पेट्या काढून टाकायला ठेवल्या होत्या. बाईंनी त्या हातगाडीवर घालून आणल्या. मागच्या खोलीत पांढरा पडदा लागला. प्रोजेक्टर चालवायला वायरमन काका तयार झाले. दर शनिवारी चार वाजता खेळ, कोणीही यावे. पहिल्या शनिवारी खोल समुद्रातल्या माशांचा माहितीपट होता. तीन माणसे आली. त्यातले एक आजोबा घोरत होते.

खोलीच्या खिडक्यांतून उजेड येई, म्हणून बाईंनी काळे पडदे शिवायला टेलर मावशींना बोलावले. मावशींचे दुकान पलीकडच्या गल्लीत होते. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. पडदे लावून झाल्यावर कुठे फट राहिली का, हे बघायला त्या शेवटच्या खुर्चीवर टेकल्या. पडद्यावर एक म्हातारा लाकडी होडी बांधत होता. फट बघायचे राहूनच गेले. मावशी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. जाताना त्यांनी विचारले, असाच आणखी एखादा आहे का?

बाईंना फार आनंद झाला. त्यांनी पेट्या उपसल्या आणि पुढच्या शनिवारी होड्यांच्या शर्यतीचा माहितीपट लावला. मावशी आल्या, बसल्या आणि संपल्यावर तोंड वाकडे करून बाहेर आल्या. दारात, माझ्या शेजारीच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "होडीचं काय घेऊन बसलात, बाई? तो म्हातारा फळी ठोकायच्या आधी तिच्यावरून हात फिरवायचा ना, ते मला आवडलं होतं. मी कापडावरून फिरवते तसा."

बाई आत जाऊन खडू घेऊन आल्या. माझ्यावरचे सगळे 'नयेत' त्यांनी पुसून टाकले आणि लिहिले : 'होडी बांधणाऱ्याचे हात आवडले? मग या शनिवारी मधमाश्या पाळणाऱ्या आजी पाहा.'

मित्रांनो, त्या दिवशी मी खरा फळा झालो. मधमाश्यांच्या आजी उघड्या हातांनी पोळे उचलत, इतक्या अलगद, की एकही माशी चिडत नसे. मावशी खूश झाल्या. मग बाईंनी रीतच पाडली. खेळ सुटला की त्या पायऱ्यांवर उभ्या राहून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत : काय आवडलं? 'छान होता' या उत्तरावर त्या कुणाला सोडत नसत. बेकरीवाला पहाटेपासून भट्टीच्या धगीत आणि पोरांच्या गलक्यात असायचा. त्याला बर्फातल्या संशोधकांच्या माहितीपटातला बर्फ नाही, तर शांतता आवडली. बाईंनी त्याच्यासाठी दीपगृहाच्या रखवालदाराचा माहितीपट काढला. गणिताच्या मास्तरांना मुंग्यांच्या माहितीपटात रांगेतून भरकटणारी एक मुंगी आवडली. त्यांना बाईंनी पतंग बनवणाऱ्या वेड्या भावंडांचा दाखवला. दर सोमवारी माझ्या अंगावर नवी ओळ येई. लोक थांबून वाचत, हसत, आपसात वाद घालत. वीस खुर्च्यांच्या चाळीस झाल्या. माझा आंबटपणा कुठल्या कुठे गेला.

एका शनिवारी नदीवर नाव चालवणाऱ्या दोन भावांचा माहितीपट लागला. एका गावातून दुसऱ्या गावात माणसे पोचवायची. दोरी ओढून नाव पलीकडे न्यायची. दोघांचा कधीकाळी काही तंटा झालेला. एकमेकांशी शब्द नाही. पण दोरी मात्र दोघे एका दमात ओढत.

खेळ संपला, सगळे गेले. मावशी बाहेर येऊन पायरीवर बसल्या. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तर त्या समोरच्या बसथांब्याकडे बघू लागल्या. मग हळूहळू त्यांनी सांगितले. त्यांचा धाकटा भाऊ बस चालवतो. मावशींच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नाही. फेरी संपवून तो धावतपळत आला, तेव्हा पंगती उठल्या होत्या. मावशी दमलेल्या होत्या आणि चिडलेल्याही. चार माणसांत त्या त्याला बोलून बसल्या, "आता काय, भांडी घासायला आलास?" तो उंबऱ्यातूनच परत फिरला. त्याला नऊ वर्षे झाली.

"सकाळची अकरा वीसची बस त्याचीच," मावशी म्हणाल्या, "इथे समोर थांबते. मी बाराची पकडते."

बाईंनी सल्ला दिला नाही, समजूत घातली नाही. नुसता खडू घेतला आणि माझ्यावर लिहिले : 'नदीवरचे दोन भाऊ आवडले? मग या शनिवारी पुन्हा तोच माहितीपट. एकट्याने पाहू नये.' इतक्या वर्षांनी 'नये' आले आणि मला ते गोड लागले.

मावशी उठून माझ्यासमोर आल्या. मग त्यांनी बाईंच्या हातून खडू घेतला. कापडावर खुणा करणारा तो सराईत हात फळ्यावर मात्र नवखा होता. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिले : 'छोटू, जागा धरते.'

सोमवारी अकरा वीसची बस आली. छोटू म्हणजे चांगला सहा फुटी, मिशीवाला, पन्नाशीचा गृहस्थ. माझ्यावरची ओळ तो रोजच वाचत असे, हे मला ठाऊक होते. रोज बस थांबली की त्याची नजर आधी माझ्याकडे वळे. त्या दिवशी त्याने खिशातून चष्मा काढला. वाचले. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. माणसे चढली, उतरली, बस हलेना. मागचा टेम्पोवाला भोंगा वाजवून वाजवून थकला. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, तेव्हा कुठे बस निघाली.

शनिवारी मावशी साडेतीनलाच येऊन बसल्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी कात्रीची पिशवी ठेवली. खोली गच्च भरली. बेकरीवाल्याने ती खुर्ची मागितली, त्याला नाही म्हणाल्या. चार वाजले. सव्वाचार वाजले. मी बाहेर उभा, माझा जीव टांगणीला लागलेला. साडेचारला खाकी कपड्यातला एक माणूस रस्ता ओलांडून धावत आला. पायऱ्यांपाशी थबकला. माझ्याकडे बघून त्याने मिशी सारखी केली आणि आत गेला.

आतले मला दिसत नाही, जे कळते ते ऐकूनच. वायरमन काकांनी नंतर सांगितले, की मावशींनी त्याच्याकडे न बघताच पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो बसला. दोघे समोर पडद्याकडे बघत राहिले. नावेतल्या भावांनी दोरी ओढली, तेव्हा दोघांनी एकदमच नाक ओढले.

दोघे बाहेर आल्यावर मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकले. "उशीर झाला, ताई," तो म्हणाला.

"झाला तर झाला. मीही जेवले नाहीये. चल घरी."

काय आवडलं, हे त्या दोघांना विचारायला बाई विसरल्या. की मुद्दाम विसरल्या, कोण जाणे.

त्यानंतर छोटूमामांनी शनिवारची पाळी बदलून घेतली आणि दहा वर्षे भावाबहिणीची जोडी चुकली नाही. मग बाई निवृत्त झाल्या. पाठोपाठ छोटूमामाही. तरुण ग्रंथपाल आले. मनाने चांगले, पण त्यांना वाटले, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, पुढचा माहितीपट तोच सुचवतो, फळा कशाला? मला जिन्याखाली तोंड भिंतीकडे करून ठेवले. माझ्यावर बादल्या टेकवल्या. खुर्च्या चाळिसावरून नऊवर आल्या आणि त्या खोलीत जुनी मासिके ठेवायचे ठरू लागले. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही.

एके दिवशी ओळखीचा आवाज आला. फळा कुठे गेला, असे छोटूमामा विचारत होते. ग्रंथपालांनी नम्रपणे फोनचे सांगितले. मामा म्हणाले, "त्यावर मी आगगाडीचा एक माहितीपट पाहिला. तेव्हापासून तो मला आगगाड्याच दाखवतोय. मला त्यातला फाटकवाला आवडला होता, गाडी जाईपर्यंत जेवणाचा डबा उघडून वाट बघणारा. पण फोन विचारत नाही हो, काय आवडलं ते."

ग्रंथपालांनी मामांना बसायला खुर्ची दिली आणि विचारले, "फाटकवाल्यात काय आवडलं?" दोघे तासभर बोलत होते. संध्याकाळी बादल्या हलल्या. ग्रंथपालांनी स्वतः मला धुतले, काळ्या रंगाचा नवा हात दिला आणि पायऱ्यांपाशी आणून उभे केले. पहिली ओळ कुणी लिहायची, यावरून मावशी आणि मामा पुन्हा भांडले, पण ते भांडण ऐकायला मजा आली.

आज माझ्यावर रोज लिहिले जाते. परवा शनिवारी पन्नास खुर्च्या लागल्या आणि तरीही काही जण दाराशी उभे होते. माझे कोपरे झिजले आहेत, पाय डगमगतो, पण तक्रार नाही. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा फळा तुमच्याकडे असेल तर त्याला ओल्या फडक्याने पुसा, पुरता वाळू द्या आणि मगच लिहा. आणि तुमच्या घरातले कोणी एखादा माहितीपट पाहून उठले, तर 'कसा होता' एवढेच विचारून निघून जाऊ नका. काय आवडलं ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कधी कधी ते यायला नऊ वर्षे लागतात.