डोक्यापासून गुडघ्यापर्यंत

मी एक जुनी घोंगडी आहे, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, तुमच्यावरही नाही. म्हणून या हकिगतीतल्या माणसांची नावं मी आधीच बदलून टाकली आहेत. उगाच शोधत बसू नका.

माझी सुरुवात काळ्या मेंढ्यांच्या पाठीवर झाली. म्हसू धनगराने लोकर कातरली, त्याच्या बायकोने, बयाबाईने, ती पिंजून सूत काढलं आणि विणणाऱ्याने सुताला चिंचोक्याची खळ लावून मला मागावर विणलं. नवी होते तेव्हा मी अशी ताठ होते, की भिंतीला टेकवली तर उभी राहायचे. टोचायचेही भारी. मेंढरांच्या तळावर पाच-सहा बिऱ्हाडं एकत्र उतरत आणि सगळ्यांच्या काळ्या घोंगड्या एकाच ढिगात पडत. म्हणून प्रत्येक घरची बाई आपल्या घोंगडीच्या कोपऱ्यात आपली खूण शिवते. बयाबाईने माझ्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याच्या तीन फुल्या घातल्या. ज्याला अक्षर येत नाही, तोसुद्धा ती खूण लांबून वाचतो.

ताम्हिणीचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. आठ-आठ दिवस उघडीप नाही. माझी खोळ करून डोक्यावरून घेतली, की पाणी बाहेरच्या बाहेर निथळून जायचं. नुकतं जन्मलेलं कोकरू माझ्यात गुंडाळूनच घरी यायचं आणि पाहुणा आला की त्याला बसायला मीच अंथरली जायचे. "घोंगडी असावी तर अशी," असं लोक म्हणत आणि मी फुगून जायचे. भिजल्यावर तशीही मी फुगतेच म्हणा!

म्हसू वारल्यावर मी त्याच्या मुलीकडे, नंदाकडे आले. नंदा तेव्हा वीस वर्षांची होती. आषाढातल्या एका दुपारी एक शेळी परतली नाही, म्हणून ती मला पांघरून शोधायला गेली. वाटेत एका माणसाने तिच्यावर जबरदस्ती केली. याहून जास्त मी सांगणार नाही आणि तुम्ही विचारूही नका. मात्र तो माणूस अनोळखी नव्हता. तो शेळ्यांचा व्यापारी होता, बयाबाईला मावशी म्हणायचा आणि माझ्यावरच बसून कितीदा चहा प्यायला होता.

नंदाने घरी येऊन आईला सगळं सांगायला सुरुवात केली. बयाबाईने मधेच विचारलं, "येकटी कशाला गेलीस? अंगावर काय व्हतं तुझ्या?"

अंगावर मीच होते. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, चिंब भिजलेली. बयाबाईने पुढे काही विचारलं नाही. "कुनाला बोलू नगंस," एवढं म्हणाली आणि वाळल्यावर तिने मला पत्र्याच्या पेटीत टाकलं.

तो यायचा थांबला नाही. पुढे मायलेकी चार शेळ्या घेऊन नांदे गावात भाड्याच्या खोलीत आल्या, तर तो तिथेही आला. तो दारात दिसला की नंदा कळशी उचलून बाहेर जायची. पेटीतून मला त्याचं "मावशी, मावशी" ऐकू यायचं. तेव्हापासून कुणाचंही पाऊल वाजलं, की हा तोच असणार असं मला वाटायचं. पाच वर्षं मला ऊन दाखवलं नाही कुणी. एका बाजूने कसर लागली.

नंदा मारुंजीच्या एका सोसायटीत साफसफाईला जाऊ लागली. तिथे राहणाऱ्या समीक्षाताईंनी चार मैत्रिणी जमवून एक प्रदर्शन मांडायचं ठरवलं. ज्या बायकांवर अत्याचार झाले, त्यांचे त्या वेळचे कपडे भर चौकात दोरीवर टांगायचे आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायचं, 'तेव्हा तिने काय घातलं होतं?'

"नाव, गाव काहीच येणार नाही, नंदा. प्रॉमिस," नंदाचं ऐकून झाल्यावर समीक्षाताई म्हणाल्या. बयाबाई शेळ्या चारायला गेली असताना त्या खोलीवर आल्या होत्या आणि मी पेटीतून ऐकत होते.

"कपडा कोनताबी चालंल का, ताई? घोंगडी चालंल?"

मला ते लक्षण काही ठीक दिसेना. शहरातल्या बायका, चार फोटो काढतील आणि जातील, राहील ती नंदा! पण घोंगडीला कोण विचारतो? नंदाने आईला न सांगता मला आणून दिलं आणि फुल्यांचा कोपरा नीट आत दुमडला. माझ्याखाली चिठ्ठी लागली: 'घोंगडी. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. भर पाऊस.'

आणि झालं, ज्याची भीती होती तेच. सकाळी समीक्षाताईंना तो कोपरा दिसला. "अय्या, किती सुंदर भरलंय!" म्हणत त्यांनी तो उलगडून दर्शनी बाजूला केला. बिचारीला काय ठाऊक? नाव झाकलं आणि खूण टांगली.

माझ्या शेजारी शाळेच्या बाईंची साडी होती, नर्सचा पांढरा कोट होता, एक गाऊन होता. एका आजीबाईंना वाटलं, जुन्या कपड्यांवर भांडी मिळतात. त्यांनी घरून दोन लुगडी आणली! काही पोरं गाऊन बघून फिदीफिदी हसली, माझ्यापाशी आली आणि त्यांना हसायला काही सापडेना. मी मात्र येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या चपला बघत होते.

तिसऱ्या दिवशी बाजार करून हैबतराव आले. हे बयाबाईचे चुलत दीर, भावकीतले वडीलधारे. मागून भाजीची पिशवी घेऊन बयाबाई. हैबतराव माझ्यासमोर थबकले.

"वैनी, ह्या तीन फुल्या तुमच्या घरच्या न्हाईत व्हय? तुमची घोंगडी हितं कशी?"

चार माणसं वळली. प्रदर्शनाची जागा झाडायला आलेली नंदा कोपऱ्यात उभी होती. बयाबाईला वाचता येत नव्हतं. समीक्षाताईंनी वरची पाटी आणि माझी चिठ्ठी वाचून दाखवली. आता ही मला ओढून काढणार आणि पुन्हा पेटीत कोंबणार, याची मला खात्री होती. या बाईला मी पुरती ओळखून होते ना!

बयाबाईने कोपऱ्यावर हात ठेवला. "व्हय, माझीच हाय. मीच पांघरली व्हती. माझ्यावरच बेतलं व्हतं त्ये."

साठीची बाई भर चौकात धादांत खोटं बोलली, लेकीचं नाव येऊ नये म्हणून. मला तिची लाज वाटत होती इतकी वर्षं, आणि त्या क्षणी माझीच मला वाटली.

"न्हाई, आये." नंदा पुढे आली. "माझ्या अंगावर व्हती ती."

हैबतराव म्हणाले, "आगं, घरातलं घरात..."

"घरातच सांगितलं व्हतं, काका." नंदा आईकडे वळली. "आये, तू मला समदं इचारलंस. येकटी का गेलीस, अंगावर काय व्हतं. कोन व्हता, त्ये येकदाबी न्हाई इचारलंस."

बयाबाईने पिशवी खाली ठेवली. "कोन व्हता?"

नंदाने नाव सांगितलं.

बयाबाईने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "परवा चा पिऊन गेला माझ्या हातचा." तिने दोरीवरून मला काढलं आणि काखेत घेतलं. "चल. पौडला ठान्यात जाऊ. तितंबी इचारत्याल अंगावर काय व्हतं म्हनून. ही दावू त्यास्नी."

मित्रांनो, मी आता तिच्या काखेत पौडला निघाले आहे. ठाण्यातल्या माणसांवर माझा अजून विश्वास नाही. बयाबाईवर मात्र बसला आहे, उशिरा का होईना. तुमच्याकडे एकच मागते. तुमच्या घरात कुणी असं काही सांगू लागलं, मग ती ताई असो, मावशी असो, नाही तर तुमचाच एखादा दोस्त असो, तर मधे प्रश्न घालू नका. हातातलं काम खाली ठेवा आणि सांगून होईपर्यंत तिथून उठू नका.