तोफेचे कान

"तुला ऐकू आलं ते तुझ्याच पोटातलं असेल. सकाळी काहीतरी खाऊन येत जा."

वॉर्डात कोणी हसलं नाही. हृदयविभागाचे मोठे डॉक्टर असं काही बोलले की हसायचं नसतं, एवढं शहाणपण तिथल्या झाडूवाल्यालाही होतं. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना तोफ म्हणत. नव्या डॉक्टरला मात्र नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे ती खाली मान घालायला अजून शिकली नव्हती. कॉटवर एक वेल्डर बसला होता, महिनाभराच्या तापाने पार चिपाड झालेला. त्याच्या हृदयाची झडप गळते आहे, रक्त मागे फिरताना हळूच फुंकर घातल्यासारखा बारीक आवाज येतो, असं तिचं म्हणणं होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः ऐकलं होतं आणि तिथे काहीही नव्हतं.

"सर, एकदा इको करून बघू या," ती म्हणाली.

झालं, बत्ती लागली. झडपा म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा जीव की प्राण. त्यांच्या बरोबरीचे लोक अडलेल्या रक्तवाहिन्या उघडून नाव आणि बंगले कमावत होते, तेव्हा हा माणूस गळक्या आणि चिकटलेल्या झडपांपाशी कान देऊन बसला होता. रोग्याला पुढे वाकवायचं, श्वास सोडून तसाच धरायला सांगायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. परगावचे डॉक्टर हे शिकायला त्यांच्याकडे येत. त्यांच्या वॉर्डाचा नियमही त्यातूनच आला होता: आधी कानाला सापडलं पाहिजे, मगच इको. इकोच्या यंत्रापुढची रांग एरवीही जिन्यापर्यंत जायची, तिच्यात उगाच भर नको. यंत्र बघूनच डॉक्टरकी करायची असेल तर यंत्रांच्या दुकानात नोकरी धर, असं त्यांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं, तिने लिहिलेल्या इकोवर काट मारली आणि तापाच्या गोळ्या देऊन वेल्डरला तिथल्या तिथे घरी पाठवलं.

पुढच्या कॉटवर एक आजीबाई होत्या. सिस्टरनी त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवलं होतं. मोठे डॉक्टर ते वाजायची वाट बघत उभे राहिले. डोकं अजून तापलेलंच होतं. शेवटी ते सिस्टरवर घसरले, असली मोडकी खेळणी फेकून द्या म्हणाले.

"अरे, वाजलं की मघाशीच," आजीबाई म्हणाल्या. "दोनदा वाजलं."

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे फरशीकडे बघत होते.

वय झालं की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात, हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं. झडपेची ती फुंकरही तसलीच. घरची बेल वाजत नाही म्हणून त्यांनी ती दोनदा बदलून घेतली होती आणि वर बायकोवरच खेकसले होते. त्यांनी सिस्टरना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

वर्ष तरी झालं असेल, सिस्टर म्हणाल्या. सरांनी इको नाकारला की सर जेवायला जाईपर्यंत थांबायचं आणि रोग्याला गुपचूप यंत्रावर न्यायचं, अशी वॉर्डाची रीतच पडली होती. नव्या डॉक्टरला ती कोणी सांगितली नव्हती. तिने तोंडावर वाद घातला, म्हणून आजचा माणूस थेट घरी निघाला.

मोठ्या डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी अब्रू झाकत बसलात? आणि रोगी मेला असता तर?"

"म्हणूनच झाकत होतो, सर. तुम्हाला सांगणार कोण? आजीबाईंनी सांगितलं, कारण त्यांना उद्या घरी जायचंय. आम्हाला रोज इथेच यायचंय."

त्यांना ओरडायचं होतं. पण ज्याच्यावर ओरडावं असा त्या खोलीत एकच माणूस होता. ते तसेच जिन्याने खाली धावले.

वेल्डर औषधांच्या खिडकीजवळ पायरीवर धापा टाकत बसला होता, बायको रांगेत होती. त्याला चाकाच्या खुर्चीत घालून मोठ्या डॉक्टरांनी स्वतः ढकलत इकोच्या खोलीत नेलं. नव्या डॉक्टरलाही बोलावून घेतलं. पडद्यावर झडपेची एक पाकळी फाटून लोंबताना दिसली. तापाच्या जंतूंनी ती कुरतडली होती. घरी गेला असता तर आठवडा काढला नसता. आजच्या आज शस्त्रक्रिया ठरली.

पण वेल्डर अडून बसला. स्ट्रेचरवरून उठून त्याने मोठ्या डॉक्टरांचा हात धरला. भोवती सगळा वॉर्ड गोळा झाला होता.

"मघाशी तुम्हीच म्हणालात काही नाही. आता म्हणता छाती उघडायची. त्या यंत्रातलं मला काही कळत नाही. तुम्ही कानाने ऐका आणि सांगा. तुम्ही म्हणालात तर जातो आत."

मोठ्या डॉक्टरांनी त्याला पुढे वाकवलं, श्वास सोडून धरायला सांगितलं, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि डोळे मिटले. दोन ठोके आले, पुन्हा दोन आले. मधली जागा कोरी होती. त्यांनी जीव कानात आणून ऐकलं. स्वतःच्या कानांचा आला तसा संताप त्यांना आजवर कोणा शिकाऊ डॉक्टरचाही आला नव्हता. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. झडप फाटली होती हे खरंच होतं आणि वॉर्डाने हेही झाकलं असतं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "माझे कान गेलेत. मघाशी चूक माझी झाली. हिला ऐकू येतं."

त्यांनी नळ्या कानांतून काढल्या आणि नव्या डॉक्टरपुढे धरल्या. तिने त्या घेतल्या. छातीवरची चकती मात्र त्यांनी सोडली नाही. बरोबर जागा त्यांना ठाऊक होती, हात तिथेच दाबून धरला. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर."

वेल्डरने बायकोकडे पाहून मान हलवली आणि तो स्ट्रेचरवर आडवा झाला.