मशीनची जुनी कुंडली

मालगुंडच्या हरिश्चंद्रकाकांचा लॅपटॉप नवाकोरा, पण त्याच्या पोटात एक म्हातारी विंडोज नांदत होती. काकांचं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर तिच्याशिवाय कुणाशी बोलायलाच तयार नव्हतं. म्हणून पुतण्या ऋत्विकने व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत एक आभासी संगणक, करून म्हातारीला नव्या घरात आणून बसवलं होतं. तिचीही एक कुंडली होती. मेमरी किती, डिस्क कुठे, सगळं सेटिंग्जच्या एका चिमुकल्या फाइलमध्ये. ती फाइल नसली, की म्हातारी घरात असून दार उघडत नाही.

ती फाइल ऋत्विकने त्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने उडवली होती.

कारण वेदिका. माडाला मिरवेल बिलगावी तसा त्याचा जीव तिला बिलगलेला. दोन्ही घरं राजी होती, पण पोफळीहून येणारे तिचे वडील काशीराम पत्रिका जुळल्याशिवाय सुपारी फोडायला तयार नव्हते. ऋत्विकने गुपचूप जुळवून पाहिली होती. जुळत नव्हती. वेदिकाला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिच्या पोटात खोटं घटकाभरही टिकत नसे.

काशीराम वेदिकाला घेऊन आले, नि काका त्यांच्यासमोर पडवीत बसून क्लिक करकरून दमले. सेटिंग्ज सापडत नाहीत, एवढंच मशीन म्हणे. मोतीबिंदूपायी हाताने कुंडली मांडणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. ऋत्विकनेही चार बटणं दाबली, चेहरा पाडला आणि मशीन गेलं म्हणून सांगून टाकलं. काशीरामांनी कोकम सरबताचा ग्लास खाली ठेवला नि म्हणाले, देवाच्याच मनात नसेल तर राहू दे. पोरांची मनं जुळलीत, तेवढं पुरे.

ऋत्विकच्या छातीत पालखीचे ढोल वाजू लागले.

"काका, मी बघू?" वेदिका म्हणाली. रत्नागिरीत एका कंपनीचे सर्व्हर ती सांभाळायची. बिघडलेलं मशीन दिसलं, की तिचे हात शिवशिवत.

ऋत्विकने डोळे वटारले, खोटा खोकला काढला. तिला वाटलं, बिचारा ओशाळलाय.

"लाजतोस काय रे? होतं असं," म्हणत ती फोल्डरमध्ये शिरली. तिथे गेलेल्या फाइलच्या शेजारीच तिची जुनी प्रत निजली होती, नावाला 'प्रीव्ह' असं शेपूट लावून. सेटिंग्ज बदलल्या की आधीची प्रत मशीन आपणहून मागे ठेवतं, हे ऋत्विकच्या गावीही नव्हतं. वेदिकाने तिची नक्कल काढली, नकलेचं शेपूट छाटलं, आणि म्हातारी डोळे चोळत जागी झाली.

"बाय माझी, मेलेलं उठवलंस गो," काका गहिवरले.

दोघांच्या जन्मवेळा घातल्या गेल्या. काकांनी लॅपटॉपचा पडदा नाकाशी धरला. मग पुतण्याकडे पाहिलं. तो सुक्या बोंबलासारखा दिसत होता. मग वेदिकाकडे पाहिलं; ती म्हातारीला आणखी थोडी मेमरी देता येईल का, ते सांगत होती.

"काय म्हणते पत्रिका?" काशीरामांनी विचारलं.

"भाऊ, मशीन उठलंय जुन्या प्रतीवर," काका सावकाश म्हणाले. "जुन्या प्रतीवरचा निकाल मी कुणाला देत नाही. तुम्ही मघाशी बोललात, तेच धरून चला."

वेदिकाने तोंड उघडलं. त्या फाइलचा नि गुणांचा काडीइतका संबंध नाही, हे अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात तिची नजर ऋत्विकच्या चेहऱ्यावर गेली, आणि उशिरा का होईना, उजेड पडला.

"हो बाबा," ती म्हणाली. "जुन्या प्रतीचा भरवसा नसतो."

काशीराम विचारात पडले. "मग नवी कधी मिळायची?"

"लग्न उरकलं, की लगेच बसवून घेऊ," काका म्हणाले.