पहिल्या पानावरचं नाव

प्रोफेसोरा सुनिल्दा मारेकोंच्या गुणतक्त्यात क्षमता एकीखाली एक, शिस्तीत उभ्या होत्या. गोष्ट काही त्या रांगेने घडली नाही. त्यामुळे इथेही त्या जशा आल्या तशाच घेतल्या आहेत, आणि काही आल्याच नाहीत.

क्षमता चौथी : वेळेचं नियोजन

शनिवारी गटाच्या कामाला डेर्लिस आला नाही.

मिरियानच्या अंगणात, आंब्याखाली, तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मुली दोनच होत्या. मधल्या खुर्चीवर शेवटी कोंबडी येऊन बसली. तेवढ्यात निमियाच्या फोनवर व्हॉइस मेसेज आला. मागे ट्रकची घरघर, कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"निमिया, अगं ट्रक आलाय, मागची दोन्ही चाकं बसलीत. मालक इथंच उभा आहे डोक्यावर. निबंधावर माझंही नाव घाल ना. तू म्हणजे अगदी देवमाणूस आहेस."

"देवमाणूस म्हणे," मिरियान म्हणाली. "मला कधी म्हणाला नाही."

"तू काही लिहीतच नाहीस."

"म्हणून तर."

मिरियानने ग्वाम्पात, तेरेरेचा पाला भरलेल्या शिंगाच्या पेल्यात, गार पाणी ओतून तो पुढे केला. निमियाने नळीने एका दमात संपवला, परत दिला आणि म्हणाली, "ग्रासियास." संपलं. एकदा आभार मानले की पेला पुन्हा आपल्याकडे फिरत नाही. मिरियानने तिच्याकडे बघितलं. इतक्या उकाड्यात पहिल्याच पेल्याला?

"झोप येतेय," निमिया म्हणाली.

झोप तिला बाराही महिने येत असे. पहाटे उठून मावशीच्या भट्टीसाठी चिपाचं, म्हणजे छोट्या पावांचं, पीठ मळायचं. कसावाचं पीठ, चीज, अंडी, बडीशेप. मावशी भाजायची, मावसभाऊ टोपली घेऊन बसमध्ये चढायचा आणि ओरडायचा. निमियाच्या वाट्याला मळणं, म्हणजे कुणाशी बोलायची वेळ यायची नाही. मग दुपारी पिठाच्या पोत्यांना टेकून गटाचा निबंध, आणि संध्याकाळी नर्सिंगचा वर्ग. या विषयाचं पूर्ण नाव एका ओळीत मावत नसे: विद्यापीठीय अभ्यास आणि व्यावसायिक जीवन यांसाठी आवश्यक क्षमता. पोरं नुसतं 'क्षमता' म्हणायची. वेळेचं नियोजन करायला आधी थोडा वेळ हातात असावा लागतो, हे मात्र त्यात कुठेही छापलेलं नव्हतं.

या वेळच्या गुणांवर बरंच काही अडकलं होतं. पाचपैकी तीन किंवा वर मिळाले तर पुढच्या वर्षीचं प्रात्यक्षिक कोरोनेल ओव्हिएदोतच, गावातल्या हॉस्पिटलात. दोन मिळाले तर पास, पण दूरच्या आरोग्य केंद्रात, आणि तिकडची बस पहाटे, ऐन पीठ मळायच्या वेळेला. एक मिळाला तर वर्ष गेलं. मावशीने पांढरा गणवेश शिवून प्लास्टिकमध्ये घालून खुंटीला टांगला होता. रोज पीठ मळताना तो निमियाच्या नजरेसमोर असायचा.

क्षमता नववी : नीतिमत्ता

झेरॉक्सच्या दुकानातली न्या तेओ कॉलेजातल्या सगळ्या गटांना ओळखायची. कोण कुणाशी भांडलं ते तिला पहिल्या पानावरून कळायचं.

"विषय काय तुमचा?"

"ऐकून घेण्याची क्षमता."

"अरे वा. माझ्या नवऱ्यासाठी पण एक प्रत काढते." तिने कीबोर्डवर बोटं ठेवली. "नावं नेहमीचीच तीन ना?"

निमिया सांगणार होती, हो. वर्षभर हेच सांगत आली होती. लिहिणारी ती, आणि वर्गासमोर उभा राहून टाळ्या घेणारा डेर्लिस ओवेलार. वर्गाआधी तो जिन्यावर तेरेरेचा थर्मास घेऊन बसायचा, तिची पानं गुडघ्यावर ठेवायचा आणि डोकं खायचा. हे काय लिहिलंयस? कशावरून? उदाहरण दे की. ती चिडून उत्तरं द्यायची. मग तो आत जाऊन तीच उत्तरं अशी सांगायचा की जणू रात्रभर स्वतः जागून काढली आहेत. ज्या दिवशी तो बोलायचा त्या दिवशी निमिया मागच्या बाकावर बसून स्वतःचीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची.

"दोनच," ती म्हणाली. "कान्तेरो निमिया. बाएस मिरियान."

"आणि तो पंक्चरवाला?"

"तो नाही."

न्या तेओने चष्म्यावरून बघितलं आणि दोनच नावं टाइप केली. यंत्र घरघरलं. करकरीत, गरम पान बाहेर आलं. आता बरं वाटेल असं निमियाला वाटलं होतं. वाटलंही, दुकानाच्या पायरीपर्यंत. मग नेहमीसारखी झोप आली.

क्षमता दुसरी : तोंडी संवाद

प्रोफेसोरा सुनिल्दा दुसऱ्या गावाहून बसने यायच्या, तासावर पैसे घ्यायच्या आणि शेवटची बस चुकू नये म्हणून घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे बघितलेलं कुणाला दिसत नसे. त्यांनी या वेळी नवा नियम काढला होता. पहिल्या पानावर जितकी नावं तितक्या चिठ्ठ्या. जिचं नाव निघेल तिने बोलायचं, आणि तिचे गुण तेच गटाचे गुण.

"दरवेळी तीच तीच तोंडं बघून मी कंटाळले," त्या म्हणाल्या. "तुम्हीही मला बघून कंटाळला असाल. पण माझ्याऐवजी दुसरी यायची सोय नाही."

त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले. निमियाचं त्या तुकड्यांकडे लक्ष गेलं. दोन. तीनही होऊ शकले असते.

"कान्तेरो."

मिरियानने सुटकेचा श्वास इतका मोठ्याने सोडला की पुढचा बाक हसला.

निमिया फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. पानं हातात होती, पण बघून वाचायची परवानगी नव्हती. डोक्यावर पंखा फिरत होता. ती म्हणाली, "ऐकून घेणं ही." मग पुन्हा म्हणाली, "ऐकून घेणं ही एक." हातांना बडीशेपचा वास येत होता. सगळ्या वर्गाला तो येत असणार असं तिला वाटायला लागलं, आणि त्यानंतर काहीच सुचेना.

"घाई नाही," प्रोफेसोरा म्हणाल्या आणि मनगट उलटं करून बघितलं.

क्षमता सातवी : ताणतणावाचं व्यवस्थापन

(वरची दुसरी बघा.)

क्षमता, जिला तक्त्यात आकडाच नाही

दार उघडलं. डेर्लिस. कोपरापर्यंत काळा, कपाळावर ग्रीसची रेघ.

"येऊ का, प्रोफे?"

"आला आहेसच की."

तो मागच्या बाकावर बसला. त्याने फळ्यापाशी उभ्या निमियाकडे बघितलं, मिरियानकडे बघितलं. मिरियान नखं बघत होती. मग त्याने हात वर केला.

"प्रश्न शेवटी," प्रोफेसोरा म्हणाल्या. मग फळ्याकडे बघून त्यांचा विचार बदलला. "बरं, विचार. निदान कुणीतरी बोलू दे."

"ऐकून घेणं म्हणजे गप्प बसणं ना?"

"नाही," निमिया म्हणाली.

"मग आता काय करतेयस?"

वर्ग हसला. निमियाला राग आला, अगदी जिन्यावरचा, ओळखीचा राग.

"गप्प तर भिंतही असते. समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत परत सांगता आलं पाहिजे. तेव्हा ऐकलं म्हणायचं."

"म्हणजे पोपट?"

"पोपट समोरच्याच्या शब्दांत सांगतो. आपल्या म्हटलं मी."

"बरं. पण पेशंट म्हणाला दुखतंय. संपलं की. सुई टोचा, घरी पाठवा. त्यात ऐकायचं काय राहिलं?"

"तू टायर तरी असा बघतोस का? हवा गेली म्हणाला की भरली आणि दिला सोडून?"

"नाही. खिळा शोधतो."

"मग! दुखतंय हे पेशंट सांगेल. कधीपासून दुखत होतं आणि इतके दिवस तो का बोलला नाही, हे आपण विचारल्याशिवाय सांगणार नाही."

"उदाहरण दे की."

पानांत लिहिलेलं उदाहरण आठवेना. दुसरंच तोंडात आलं.

"माझी मावशी. हात दुखतो का विचारलं तर नाही म्हणेल. पण हल्ली ती परात डाव्या हाताने उचलते. आधी उजव्याने उचलायची."

"मग तू विचारलंस तिला?"

"नाही."

"का?"

"वेळ नसतो," निमिया म्हणाली. मग, "तिने हो म्हटलं तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नाही म्हणून."

डेर्लिसने हात खाली घेतला.

क्षमता सहावी : गटकार्य

"सुरुवातीचं अडखळणं वजा केलं तर तीन," म्हणत प्रोफेसोरा सुनिल्दांनी तक्त्यात आकडा लिहिला. "बसा. आणि डेर्लिस, तू कुणाच्या गटात आहेस? या पानावर तुझं नाव दिसत नाही."

डेर्लिस पुढे आला. त्याने टेबलावरचं पान उचललं. कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. पानावर शब्द मोजकेच होते, पण वाचायला त्याला बराच वेळ लागला.

"बरोबर आहे, प्रोफे. यातलं मी काही लिहिलेलं नाही."

"मग मला एक द्यावा लागेल."

"हो."

एवढंच. निमियाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर आणखी सोपं.

"मी काढलं त्याचं नाव," निमिया म्हणाली.

"त्याने काम केलं नाही म्हणून?"

"हो."

"मग बरोबर केलंस. यात माझी तक्रार नाही."

"पण तो विचारतो."

"काय विचारतो?"

"दरवेळी. वर्गाच्या आधी. तो विचारतो तेव्हा मला कळतं मी काय लिहिलंय ते." हे बोलताना तिलाच ते पहिल्यांदा कळत होतं आणि त्याचाही शीण येत होता. "आत्ताही तेच केलं ना त्याने."

प्रोफेसोरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तक्ता उलटसुलट करून बघितला. विचारण्यासाठी त्यात रकाना नव्हता.

"हे बघा पोरांनो. मला बस आहे. त्याचं नाव घालायचं असेल तर घाला. पण मग गटात तिघं होते आणि चिठ्ठ्या दोनच पडल्या. याचा एक गुण कापणं मला भाग आहे. दोन मिळतील, तिघांनाही. नाही घातलं तर तुम्हा दोघींना तीन, त्याला एक. तुमचं तुम्ही ठरवा, पण लवकर."

निमियाला प्लास्टिकमधला गणवेश दिसला. पहाटेची बस दिसली. डाव्या हातात परात दिसली.

"मला कशाला विचारताय?" मिरियान म्हणाली, खरं तर तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. "लांबचं केंद्र माझ्या पथ्यावरच पडेल. आई तिथपर्यंत फोन करणार नाही, रेंजच नाही."

"नको गं," डेर्लिस हळूच म्हणाला. "मी पुढच्या वर्षी परत बसेन. खरंच लिहिलं नव्हतं मी."

"माहितेय मला लिहिलं नव्हतंस. पेन दे."

त्याच्या खिशात पेन नव्हतं, हवेचा दाब मोजायचं मीटर होतं. शेवटी प्रोफेसोरांनी स्वतःचं दिलं. छापलेल्या दोन नावांखाली निमियाने हाताने तिसरं लिहिलं. थोडं तिरकं गेलं.

प्रोफेसोरांनी तीनवर काट मारून दोन केले, पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबल्या. "मावशीचं उदाहरण चांगलं होतं," त्या म्हणाल्या, "आता तिला विचार." आणि बस गाठायला जवळजवळ धावतच गेल्या.

क्षमता बारावी : स्वमूल्यमापन

जिन्यावरचं ऊन गेलं होतं तरी पायऱ्या तापलेल्याच होत्या. डेर्लिसने ग्वाम्पा भरला, पहिला पेला स्वतः घेतला, दुसरा मिरियानला दिला. तिने तो संपवला, ग्रासियास म्हटलं आणि स्कूटर काढून गेली.

"का काढलंस?" त्याने विचारलं.

"थकले होते."

"मग सांगायचं ना तसं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

तो हो म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्याने थर्मासचं झाकण फिरवलं, उगाचच.

"नसतं," तो म्हणाला. "म्हटलं असतं, देवमाणूस आहेस."

"तेच."

खाली रस्त्यावरून असुन्सिओनची बस गेली. कुणीतरी दारात लटकून चिपा, चिपा ओरडत होतं. मावसभाऊ होता की दुसराच कुणी, इतक्या लांबून कळलं नाही.

"पहाटे मळायला कोण आता?" डेर्लिसने विचारलं.

"बघू."

"मी येईन."

"तुझे हात बघ."

"धुऊन येईन ना." मग तो थांबला, खरोखरच हिशेब केल्यासारखा. "सोमवारी नक्की. मंगळवारचं आत्ता सांगता येणार नाही. मंगळवारी ट्रक येतात."

निमियाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आधीच थकलं. घरी जाऊन हाताचं विचारायचं होतं. मावशी नाही म्हणणार. मग पुन्हा विचारावं लागणार. लांबच्या बसचंही सांगावं लागणार, आणि कुठलं आधी सांगायचं तेही ठरवायचं होतं.

डेर्लिसने पेला पुढे केला. तिने घेतला, सावकाश संपवला, नळी त्याच्याकडे वळवून परत दिला. आभार मानले नाहीत. त्याने पुन्हा पाणी ओतलं.